शिंपिणीच्या खोलीवरचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पट्टी आहे. भिंत आणि उतरतं छप्पर जिथे भेटतात, त्या फटीवर मला ठोकलं होतं. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. खाली एका शिंपिणीची खोली होती.

समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. वाऱ्याबरोबर मीठ येई आणि माझ्या अंगावर बसे. पण शिंपिणीचे वडील मला जपत. पावसाळ्याआधी शिडी लावून ते वर चढत, गोड्या पाण्याने मला धूत, तांबूस डाग दिसला की घासून काढत आणि जस्ताचा रंग देत. "हिच्यामुळे पोरीचं अंथरूण कोरडं आहे," असं ते म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे.

वडील गेले. घर थोरल्या भावाच्या हाती आलं. बहिणीला ती खोली जन्मभर वापरू देईन, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. पण खोली त्याला हवी होती. त्याने शिडी साखळीने बांधली आणि कुलूप घातलं.

मीठ मला खात राहिलं. आधी जस्त गेलं, मग लोखंडाचा भुगा होऊ लागला. एका पावसात थेंब थेट शिलाई मशीनवर पडले.

"दादा, पत्रा सडलाय. गिऱ्हाइकांचे कपडे भिजतात. शिडी दे, मीच रंग लावते."

"पडलीस तर लोक मला बोलतील."

"मग माणूस बोलाव."

"बघू," म्हणाला आणि जेवायला बसला.

तिने खिडकीतून काठीने माझ्यावर प्लास्टिक सरकवलं. घराची शोभा जाते म्हणून त्याने ते ओढून काढलं. कपड्यांवर गंजाचे डाग पडू लागले, गिऱ्हाइकं तुटली. ओल्या खोलीत तिला खोकला जडला. तो मला वर ऐकू येई. पाणी माझ्याच अंगातून झिरपत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

शेवटी एका सकाळी तिने मशीन हातगाडीवर चढवलं. भावाने हात लावला. "सांभाळून जा हं," असंही म्हणाला.

त्याच दुपारी पत्रेवाला आला. नवी पट्टी आणायला त्याला बाजारात जावं लागलं नाही. भावाने ती केव्हाच आणून जिन्याखाली ठेवली होती. मला उचकटून अंगणात फेकलं. नव्या पट्टीला मात्र भावाने समोर उभं राहून रंगाचे दोन हात देऊन घेतले.

मित्रांनो, खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकवणं अवघड नाही. बादलीभर गोडं पाणी, थोडं घासणं आणि वेळेवर रंग. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून सांगते, कुठे छप्पर गळताना दिसलं, तर त्याखाली कोण झोपतं तेही बघा.