यादी पुरी झाली

“डोईना मुरेशान,” रालुकाने यादीतलं नाव वाचलं.

“हजर,” सावेता म्हणाली. नाकातोंडावर धरलेला रुमाल तिने खाली घेतला नाही.

रालुकाने मान वर न करता नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. सव्वीस वर्षांची पोर. पाळीप्रमुख होऊन तिला पाच महिने झाले होते, आणि खरीखुरी आग ती पहिल्यांदाच पाहत होती. मागे कारखान्याच्या पार टोकाच्या खिडकीतून काळा धूर निघत होता. तारांवर आवरण चढवायच्या भट्टीने पेट घेतला होता. जळक्या प्लास्टिकचा वास आवारभर पसरला होता. कुंपणापाशी पातळ निळ्या एप्रनांत उभ्या असलेल्या बायका आणि चारदोन पुरुष मार्चच्या वाऱ्यात काखेत हात घालून आपापल्या नावाची वाट पाहत होते.

“हजर.”

“हजर.”

“आहे गं बाई, इथेच गोठतेय.”

कुणीतरी हसलं.

सावेता हसली नाही. डोईना या घटकेला सिबिउमध्ये होती, डोंगराच्या पलीकडे, बसने तीन तासांवर. तिथे एका नव्या गोदामात माणसं घेत होते. सकाळी फाटकावरच्या यंत्राला सावेताने दोन कार्डं लावली होती, आधी स्वतःचं, मग डोईनाचं, आणि तेव्हापासून शेजारशेजारच्या दोन्ही फळ्यांवर मोटारींच्या तारांची जुडगी ती एकटीच बांधत होती. बोटांची सालं निघाली होती. डोईना तिच्या वारलेल्या भावाची मुलगी.

“आत्या, एकदाच,” ती म्हणाली होती. “इथलं काही खरं नाही. उन्हाळ्यात आपली लाइनही ट्युनिशियाला जाणार.”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. दोन लाइनी गेल्या वर्षी गेल्या होत्या; त्या जागी आता फरशीवर पिवळे पट्टे तेवढे उरले होते. आणि दुसऱ्याचं कार्ड लावलं तर दोघींना त्याच दिवशी घरी, हेही ठाऊक होतं. तसा कागद यंत्राच्या वरच चिकटवलेला होता. फेब्रुवारीत दोघी तशा गेल्या होत्या. चोपन्नाव्या वर्षी सावेताला या खोऱ्यात दुसरं कुणी उभं करणार नव्हतं.

“अठ्ठेचाळीस,” रालुका म्हणाली आणि तिने मोठा श्वास सोडला. “यादी पुरी झाली.” ती फोनकडे वळली. अग्निशमनची गाडी खालच्या शहरातून निघाली होती. यायला वीस मिनिटं तरी लागणार होती. “हो, सगळे बाहेर. आत कुणी नाही.”

फाटकावरचा पहारेकरी योसिफ, आत शिरावं लागलं तर म्हणून चढवलेल्या धुराच्या मास्कचे पट्टे सैल करू लागला.

सावेताने माणसं मोजली ती काही ठरवून नव्हे. खाणीच्या दिव्यांच्या खोलीत बावीस वर्षं काढल्यावर चार माणसं एकत्र दिसली की डोळे आपोआप मोजत जातात, लग्नात, मर्तिकात, बसच्या थांब्यावर. खाली उतरणारा माणूस तिच्याकडून दिवा घ्यायचा आणि आपला पितळी बिल्ला तिच्याकडे ठेवायचा. वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला न्यायचा. पाळी संपताना एक जरी बिल्ला खिळ्यावर लटकत राहिला, तरी वहीवर तिची सही होत नसे. खाण बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. हा कारखाना खाणीच्या लाकडाच्या वखारीवरच उभा राहिला होता. मोजायची सवय मात्र तिच्याबरोबर इथे आली होती.

पंचेचाळीस.

मग तिच्या लक्षात आलं, स्वतःला धरायचं राहिलं. दिव्यांच्या खोलीत ती स्वतःला कधीच मोजत नसे. ती वरच असायची. शेहेचाळीस.

डोईना वजा जाता सत्तेचाळीस हवी होती.

तिने दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजलं. रालुका आणि योसिफ यादीत नव्हते, त्यांना सोडलं. शेहेचाळीस.

असेल, तिने स्वतःला सांगितलं. जशी डोईना गेली तशी आणखी कुणी गेली असेल. हल्ली कोण कुठे मुलाखत देऊन येतं, कळतं का? कुणीतरी कुणासाठीतरी हजर म्हटलं असेल. तिनेच नाही का म्हटलं?

बारा वर्षांपूर्वीच्या एका पाळीला एक बिल्ला असाच उरला होता. “गेला असेल घरी, कर सही,” पाळीचा साहेब म्हणाला होता. तिने केली नव्हती. शोधपथक दोन तास खाली फिरलं, आणि तो गडी घरी चुलीपाशी दारू पिऊन घोरत सापडला, दिवासुद्धा उशाशी. वर्षभर लोक तिला बेवडे मोजणारी म्हणत. पण त्यानंतर सही कर म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.

ती योसिफजवळ गेली. एकोणीस वर्षं तो खाणीच्या त्याच शोधपथकात होता. आता फाटकाचा दांडा वरखाली करायचा.

“योशका, मास्क काढू नकोस.”

“का? यादी झाली ना.”

“यादी झाली. डोकी शेहेचाळीस आहेत.”

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घोळक्याकडे. त्याने मोजलं नाही. तिने मोजलंय म्हटल्यावर त्याला मोजायची गरज वाटली नाही.

“दोन कमी?”

“एक माझं आहे,” सावेता हळू आवाजात म्हणाली. “त्याची काळजी नको. दुसरं कुणाचं ते मला माहीत नाही.”

योसिफने पट्टे पुन्हा आवळले. आता धूर मधल्या खिडक्यांतूनही येऊ लागला होता.

“हे बघ,” तो म्हणाला, “हा फिल्टर दहा मिनिटांचा. आत हातभर अंतरावरचं दिसणार नाही. भट्टीकडे जाऊ, की कपड्यांच्या खोलीकडे, की गोदामाकडे? मला नाव हवं, सावेता. नुसता आकडा घेऊन मी आत काय करू?”

“नाव मिळवायचं तर विचारावं लागेल.”

“मग विचार.”

“विचारलं की माझंही सांगावं लागेल.”

योसिफने मास्कचा पट्टा चाचपला. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

सावेताने रुमाल घडी करून खिशात ठेवला. घडी नीट बसली नाही म्हणून काढून पुन्हा केली. मग ती रालुकासमोर जाऊन उभी राहिली आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“एक माणूस आत आहे.”

“सगळ्यांनी हजेरी दिली, मावशी. मी स्वतः—”

“डोईना इथे नाही. ती आज आलीच नाही. तिचं कार्ड मी लावलं आणि आत्ता तिच्या नावाला हजरही मीच म्हटलं.”

रालुकाचा चेहरा लाल झाला.

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? एवढ्या लोकांसमोर?”

“कळतंय. पण तिच्यापुरतं एकच डोकं कमी भरायला हवं होतं. दोन कमी आहेत.” ती घोळक्याकडे वळली. “आणखी कुणीतरी दुसऱ्याच्या नावाला ओ दिलीय. ती बाहेरगावी असेल तर तसं सांगा. नंतर सांगितलंत तर उपयोग नाही. योशका आत जायला उभा आहे.”

बायका एकमेकींची तोंडं पाहू लागल्या. आता प्रत्येकीच्या मनात तो यंत्रावरचा कागद आहे, हे सावेताला दिसत होतं.

“सावेतामावशी मोजण्यात चुकत नाही,” मागून मार्गारेता म्हणाली. एरवी हीच तिची सगळ्यात जास्त टर उडवायची. “बोला गं कुणीतरी. तोंडात काय बटाटे आहेत?”

“मी...” पेत्रुत्सा पुढे आली. बाविशीची, गरोदर, पोटावर एप्रनच्या गाठी ताणलेल्या. “मी आग्लायामावशीचं म्हणते. रोजच म्हणते. त्यांना नाव ऐकू येत नाही ना, म्हणून. आत्ता मी... सवयीनं म्हणून गेले. बघितलंच नाही.”

म्हाताऱ्या आग्लायाला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे आणि उजव्याने जेमतेम. खोऱ्यातली रेशमाची गिरणी चालू होती तोवर सव्वीस वर्षं तिने मागांच्या खडखडाटात काढली होती. लाइनवरच्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं आणि प्रत्येकीने ते वरच्यांपासून लपवलं होतं, कारण बहिरी बाई लाइनवर कोण ठेवणार? सकाळच्या हजेरीला शेजारची तिच्या नावाला ओ द्यायची. भोंगा झाला की कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावायचं. आज भोंगा झाला तेव्हा जिने तो हात लावायचा ती पेत्रुत्सा पोट सावरत दाराकडे पळाली होती.

“कुठे होती ती?” योसिफने विचारलं.

“टोकाच्या कोठारात. तारांना लावायची धातूची टोकं संपली होती, आणायला गेल्या होत्या.” पेत्रुत्साच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “दार ओढून घेतात त्या. थंडी वाजते म्हणतात.”

“मग बरं. धूर दाराबाहेर राहिला असेल.”

योसिफने गळ्यातलं कार्ड काढलं आणि सावेतापुढे धरलं. ते देताना त्याने काही विचार केला असेल असं वाटलं नाही. हात आपोआपच पुढे आला. तिनेही तसंच ते घेतलं. मग तो वाकून पळत बाजूच्या दाराने आत शिरला आणि दिसेनासा झाला.

रालुका फोनवर अडखळत सांगत होती, नाही, चूक झाली, आत दोघं आहेत. फोन ठेवून ती सावेताजवळ आली. तिने हात पुढे केला.

“तुमचं कार्ड द्या, मावशी. मला घ्यावंच लागेल.”

सावेताने गळ्यातली दोरी काढून कार्ड तिच्या हातात ठेवलं. डोईनाचं एप्रनच्या खिशात होतं, तेही दिलं.

“आणि ते?”

“ते योशकाचं आहे.”

“फाटकाची कार्डंसुद्धा माझ्याकडेच—”

“ते त्याचं त्याला देणार,” सावेता म्हणाली. तिने मूठ मिटली.

सहा मिनिटं झाली. सावेता दाराकडे पाहत नव्हती. तिची नजर घड्याळावर होती. सात. पेत्रुत्साला मार्गारेताने आपल्या जाकिटात घेतलं होतं. आठव्या मिनिटाला कुठेतरी आत काच फुटली आणि घोळका एक पाऊल मागे सरला. नऊ.

पाठीच्या धक्क्याने दार उघडलं. योसिफ पाठमोरा आला, आग्लायाला काखेत हात घालून ओढत. तिच्या तोंडावर ओला एप्रन गुंडाळलेला होता. बाहेर हवेत येताच ती वाकून खोकली, बराच वेळ खोकली, आणि एप्रन तोंडावरून ओढून मोठ्याने म्हणाली,

“मला कुणी हाक का नाही मारली?”

मग पेत्रुत्सा रडत रडतच हसली.

योसिफ जमिनीवर बसला. मास्क काढला, तेव्हा त्याचा चेहरा मास्कच्या रेषेबरहुकूम अर्धा काळा, अर्धा पांढरा होता. सावेताने त्याच्यापुढे कार्ड धरलं.

“वर,” ती दिव्यांच्या खोलीत बिल्ला परत देताना म्हणायची तसं म्हणाली.

“वर,” तो म्हणाला आणि त्याने ते गळ्यात घातलं.

खालच्या रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू येऊ लागला. रालुका यादी घेऊन उभी होती. तिने डोईनाच्या नावावर रेघ ओढली. सावेताच्या नावावर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. वारा कागदाचं टोक उडवत होता.

“आता गाडीवरचे पुन्हा विचारतील,” ती शेवटी म्हणाली. तिने मान वर केली नाही. “मावशी... तुम्ही मोजता का?”

सावेता वळली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सावकाश पाहिलं, मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. आग्लायाला तिने दोन्ही वेळा नीट पाहून मोजलं.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

रालुका आकडा लिहू लागली.

“मला धरून,” सावेता म्हणाली.