बिघाडवहीतलं नाव

“पॉवर?” ओंकारने विचारले आणि जीभ चावली.

चाचणीआधी प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने ‘तयार’ म्हणायचे, ही या पोरांच्या टीमची पद्धत. पॉवर, म्हणजे बॅटरी-वायरिंगचा विभाग अमृताचा. दिवाळीनंतर डेंग्यूने ती गेली, आठवड्याभरात. तिच्या जागी कोणाला नेमायची छाती झाली नव्हती. गाढवं लेकाची, एकमेकांची तोंडे बघत बसली. शेवटी मीच बटण दाबले.

मी गोरख, सोमाटण्याजवळच्या कॉलेजात बावीस वर्षे लॅब असिस्टंट. पोरांनी नारळाएवढा उपग्रह बनवला होता. फुग्याला बांधून तो आभाळात सोडायची स्पर्धा होती. त्याआधी हादरे देणाऱ्या मशीनवर तो टिकायला हवा. तिसऱ्या मिनिटाला बंद पडला.

पेटी उघडली. बॅटरीची वायर सांध्यातून निसटली होती.

प्रोजेक्टच्या सरांचा नियम कडक. बिघाडवहीत तारीख, कारण आणि काम करणाऱ्याचे नाव लिहायचेच. कामाच्या कागदावर सही अमृताची होती.

“गेलेल्या मुलीचं नाव कसं लिहायचं रे?” सारिका रडवेली झाली.

“रिकामं ठेवलं तर सर पुढे जाऊच देणार नाहीत,” ओंकार म्हणाला.

मी सुटलेली वायर उजेडात धरली. वायरला सोल्डरआधी एक पीळ दिलेला होता. तसा पीळ मीच देतो. हा सांधा जोडायचा होता त्या दिवशी तापाने अमृताचा हात थरथरत होता. “मामा, धरा की जरा,” म्हणाली. मी म्हटले, “तू सही कर आन् हॉस्टेलवर जाऊन पड.” मग माझी बस चुकू नये म्हणून घाईघाईत सांधा उरकला. टीमबाहेरच्याने कामाला हात लावला तर स्पर्धेतून टीम बाद, म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून त्या टेबलाशी गेलो की “धरा की जरा” ऐकू येते, भर दुपारीसुद्धा. मी वळून बघतो आणि स्वतःवरच चिडतो.

तेवढ्यात दारात लीलाबाई दिसल्या, अमृताची आई. ओंकारने चाचणी बघायला बोलावले म्हणून भाताची झोडणी अर्धी टाकून कार्ल्याहून आल्या होत्या. उघडी पेटी आणि पोरांचे चेहरे त्यांनी पाहिले.

“माज्या पोरीचं काई चुकलं व्हय?”

आता मात्र मला राहवेना.

“न्हाई ताई. तिनं नुसती सही केली. काम माजं हाये.”

“मामा!” ओंकार ओरडला. “आपण बाद होऊ!”

“वर्षभर राबलात, दिसत न्हाई व्हय मला? घाला शिव्या. पण पोरीला बट्टा न्हाई लागू देणार.”

मी वही ओढून माझे नाव लिहिले. ओंकार पाय आपटत बाहेर गेला.

लीलाबाईंनी डोळे पुसले. “मला ठावं होतं. तिचं काम पक्कंच असायचं.” मग थबकल्या. “पर भाऊ, तिनं का न्हाई केलं?”

“अंगात ताप होता तिच्या.”

“कंदी?”

मी कागदावरची तारीख दाखवली. सोमवार.

“आमास्नी ताप आल्याचं गुरुवारी कळलं,” त्या हळूच म्हणाल्या. “कपाळाला हात लावून बघितलात का वो, किती हाये त्ये?”

“न्हाई ताई.”

सारिकाने स्टूल पुढे केले. त्या बसल्या नाहीत. तारखेवर अंगठा ठेवून तशाच उभ्या राहिल्या.