साहेबांच्या सहीचा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. तारखेचा किंवा 'पोहोचले' असं छापणारा साधासुधा शिक्का नव्हे, मित्रांनो. मी सहीचा शिक्का आहे. खाली उलट्या अक्षरांचं रबर, वर लाकडाची गोल मूठ, आणि कागदावर टेकलो की हुबेहूब आमच्या लोकप्रतिनिधी साहेबांची सही. आपण माणसांची मदत करतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

साहेब पहिल्यांदा निवडून आले त्या आठवड्यात माझा जन्म झाला. त्यांनी एका कोऱ्या कागदावर वीस सह्या केल्या, त्यातली सर्वांत ऐटदार निवडली आणि शिक्के बनवणाऱ्याकडे धाडली. त्या कारागिराने सहीखालच्या फराट्याचं टोकसुद्धा सोडलं नाही. "खुद्द साहेबांनाही फरक कळायचा नाही," असं तो म्हणाला आणि मी फुगून गेलो. हे वाक्य तो सगळ्याच शिक्क्यांबद्दल म्हणतो, हे मला नंतर कळलं.

मला सांभाळायला कचेरीतले जुने कारकून होते. त्यांना सगळे काका म्हणत. काका मला शाईच्या गादीवर दोनदा दाबत, मूठ किंचित डावीकडे कलती धरत आणि कागदावर हलकेच टेकवत. भलत्याच्या हाती लागू नये म्हणून घरी जाताना कोटाच्या आतल्या खिशात टाकत. अभिनंदनाची पत्रं, शाळेच्या शिफारशी, मयताच्या घरी जाणारी पत्रं, सगळ्यांवर मीच. साहेब एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "हा शिक्का म्हणजे माझा उजवा हात आहे." त्यानंतर वीस वर्षं त्यांनी आपल्या खऱ्या उजव्या हाताला फारसा त्रास दिला नाही.

मग दूरच्या दोन देशांमध्ये युद्ध पेटलं. आमचा देश त्यात लढत नव्हता, फक्त एका बाजूला मदत करत होता. तोफा देत होता, ट्रक देत होता आणि ते ट्रक दुरुस्त करायला शिकवणारी माणसं देत होता. पहिल्या वर्षी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी दवाखान्याचं छप्पर गळायला लागलं. आमच्या छपराला पत्रा नाही आणि परक्यांना तोफा कशाला, असं काहीजण विचारू लागले. आज त्यांचं घर जळतंय, उद्या आपलं जळेल तेव्हा कोण धावून येईल, असं बाकीचे म्हणू लागले. न्हाव्याच्या दुकानातून लोक अर्धी दाढी तशीच ठेवून तावातावाने उठून जात. निवडणूक तोंडावर होती, आणि कचेरीत पत्रांची पोती येऊन पडत होती.

साहेबांनी दोन उत्तरं तयार करून घेतली. पाठिंबा देणाऱ्यांना लिहिलं, 'ही मदत थांबता कामा नये. आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.' विरोध करणाऱ्यांना लिहिलं, 'ही मदत थांबलीच पाहिजे. आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.' दोन्हींच्या खाली मी. दिवसाला तीनशे पत्रं व्हायची, आणि संध्याकाळी काकांचं मनगट दुखायचं. माझं काहीच दुखायचं नाही. मी रबराचा आहे.

त्या गठ्ठ्यांत एक अर्ज आला होता. बाजाराच्या कोपऱ्यावर लाँड्री चालवणाऱ्या बाईचा. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. नवरा केव्हाच गेलेला, पदरी एकच मुलगा. तो लष्करात मेकॅनिक होता, आणि ट्रक दुरुस्त करायला शिकवायला त्याला त्या युद्धात पाठवलं होतं. नियम असा होता, की एकुलतं एक मूल असेल तर लोकप्रतिनिधीच्या शिफारशीवर त्याला परत बोलावता येतं. पण त्याची तुकडी मागच्या तळावर आहे तोवरच. आघाडीवर गेली की संपलं. तुकडी दोन महिन्यांनी आघाडीवर जाणार होती. काकांनी तो अर्ज न वाचताच पुढे ओढला, माझी मूठ डावीकडे कलती केली आणि मला टेकवलं.

तीन आठवड्यांनी अर्ज मावशीकडे परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'शिक्क्याची सही ग्राह्य नाही. लोकप्रतिनिधींनी स्वहस्ते सही करावी.'

त्याच सुमारास गावात दुसराच भडका उडाला. एका घरातल्या सासूने मदत वाढवा असं लिहिलं होतं आणि सुनेने मदत थांबवा असं. दोघींना एकाच दिवशी, एकाच पोस्टमनच्या हातून साहेबांची पूर्ण सहमती मिळाली. चौदा वर्षांच्या संसारात त्या दोघींचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं: हा माणूस खोटारडा आहे. दोघींनी मिळून ती पत्रं मावशीच्या लाँड्रीच्या काचेवर शेजारीशेजारी चिकटवली. कपडे न्यायला येणारा प्रत्येकजण वाचायला थांबू लागला, आणि घरी जाऊन आपापलं पत्र शोधू लागला. आठवडाभरात साहेबांना सभा घ्यावी लागली.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. मी काकांच्या खिशात होतो. माणसं खिडक्यांत चढून बसली होती. साहेबांनी शांततेवर बोलायला सुरुवात केली तेव्हा अर्धे ओरडले, "पळपुटे!" साहेबांनी कर्तव्यावर बोलायला सुरुवात केली तेव्हा उरलेले ओरडले, "मारेकरी!" पत्रं फडकवली जात होती. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या माणसाची काय अवस्था होते, ती मी त्या दिवशी कोटाच्या कापडाआडून ऐकली. मला गंमत वाटली, हेही कबूल करतो.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिच्या हातात अर्ज होता आणि पेनही तिने घरूनच आणला होता.

"साहेब, मला भाषण नको," ती म्हणाली. "युद्ध बरोबर की चूक, ते तुम्ही सगळे शहाणे बघा. माझा पोरगा बावीस दिवसांनी पुढे जाणारे. इथं सही करा. तुमच्या हाताने."

साहेबांनी पेन घेतला. मग त्यांनी मान वर करून आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. सही केली तर निम्मी माणसं म्हणणार, बघा, पळपुट्यांच्या बाजूचा निघाला. नाही केली तर उरलेली म्हणणार, बघा, आईच्या तोंडावर नाही म्हणाला. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"मावशी," ते भरल्या गळ्याने म्हणाले, "तुमच्या लेकाचा जीव काय असा गर्दीत, उभ्या उभ्या सही करण्यासारखा आहे का? उद्या कचेरीत या. मानाने खुर्चीवर बसा. माझ्यासोबत चहा घ्या. मी सही करतो."

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. संध्याकाळभर एवढ्या एकाच गोष्टीला सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी सकाळी नऊला आली. इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. साहेब पहाटेच प्रचाराला निघून गेले होते. ती बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसली, मग दुपारनंतरही बसली. चार वाजता साहेबांचा फोन आला. साहेब मोठ्याने बोलतात, त्यामुळे टेबलावर पडल्या पडल्या मला सगळं ऐकू आलं.

"ती बसलीय का अजून? मारा शिक्का आणि द्या पाठवून."

"साहेब, शिक्का चालत नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "एकदा परत आलाय अर्ज."

"येऊ दे ना परत. यायला तीन आठवडे लागतील. तोवर मतदान झालेलं असेल. आणि एकाला परत बोलावलं तर उद्या शंभर आया रांग लावतील, काका. डोकं चालवा जरा."

फोन बंद झाला. काकांनी एक रद्दी कागद ओढला, पेन उचलला आणि सही केली. साहेबांची सही. मित्रांनो, मी वीस वर्षं तो चेहरा घालून फिरलो, पण काकांच्या हातून उतरलेली ती सही माझ्यापेक्षा सरस होती. लष्कराच्या कचेरीतल्या कोणालाही शंका आली नसती. अर्जावर तसाच एकदा हात फिरवला असता तर मुलगा परत आला असता. काकांनी अर्ज समोर घेतला आणि पेन टेकवलाही. पण खोट्या सहीला तुरुंग असतो, आणि काकांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यांनी पेन खाली ठेवला, सहीचा तो कागद बारीक बारीक फाडला आणि मला उचललं.

त्या दिवशी त्यांनी मूठ अगदी सरळ धरली होती. माझा ठसा आयुष्यात इतका सुबक कधी उमटला नव्हता.

मला घाईघाईने कोटाच्या खिशात टाकून, अर्ज पाकिटात घालून, पाकीट चिकटवून मगच ते बाहेर गेले.

"झाली सही," ते म्हणाले.

"त्यांनी स्वतः केली ना?"

"हो. मागच्या दाराने येऊन गेले. घाईत होते."

मावशीने काकांचे दोन्ही हात धरले. "काका, तुमच्या लेकराबाळांचं सोनं होवो. आजपासून तुमचे कपडे माझ्याकडे. नाही म्हणायचं नाही." आणि खरंच, जाताना तिने काकांचा कोट अंगावरून उतरवून नेला. घाबरलेल्या माणसाला खिसे रिकामे करायचंही सुचत नाही. मी आतच होतो.

लाँड्रीत कपडा पाण्यात जाण्याआधी खिसे तपासतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला मी सापडलो. तिने मला उलटं केलं, रबरावर बोट फिरवलं आणि हसली. "तूच का रे तो मेल्या? तुझ्यापायी माझे तीन आठवडे गेले." मला वाटलं, आता ही मला भट्टीत टाकणार. पण तिचं काम झालं होतं ना! ती आनंदात होती. तिने कोमट पाणी घेतलं, साबण घेतला, कॉलर घासायचा मऊ ब्रश घेतला आणि माझ्या अक्षरांच्या फटींत वीस वर्षं साचलेली शाई काढली. कोरड्या फडक्याने टिपून मला सावलीत ठेवलं. "वस्तूचा काय दोष," असं ती स्वतःशीच म्हणाली. माझी अशी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. अजून वीस दिवस हातात होते. मी सावलीत वाळत पडलो.

संध्याकाळी तिने मला कोटासह काकांकडे पोहोचवलं. काकांनी मान वर केली नाही.

मतदान झालं. लोक चिडलेले होते, यात शंका नाही. पण साहेबांवर होते त्याहून जास्त ते एकमेकांवर चिडलेले होते. समोरचा उमेदवार निवडून आला तर शेजाऱ्याची जिरणार की आपली, एवढंच प्रत्येकाने पाहिलं. साहेब थोडक्या मतांनी जिंकले. सासू-सुनेने पुन्हा वेगवेगळी मतं दिली म्हणे.

आठवड्याभराने कळलं, की मावशीच्या मुलाचा ट्रक आघाडीवर पोहोचण्याआधीच उडवला गेला. त्यानंतर चार दिवसांनी अर्ज परत आला. लाल शाईतलं वाक्य तेच होतं.

साहेब या वेळी धावत कचेरीत आले. सोबत वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता. "मावशीच्या शोकपत्रावर शिक्का नको," ते काकांना म्हणाले. "लोक डोळ्यांत तेल घालून बघतायत. मी स्वतः सही करणार." ते खुर्चीवर बसले, पेन उघडला आणि थांबले. मग काकांकडे वाकून हळूच विचारलं, "काका, माझी सही सुरुवातीला कशी आहे हो? वळण वरून की खालून?"

काकांनी रद्दी कागदावर मला टेकवलं. साहेबांनी माझ्याकडे बघत बघत, जिभेचं टोक दातांत धरून, शोकपत्रावर सही उतरवली. दोनदा फोटो काढला, कारण पहिल्यात डोळे मिटले होते. सांत्वन करणारी ती सही साहेबांना इतकी आवडली, की तिच्यावरून नवा शिक्का करायला सांगून ते निघून गेले.

पत्र द्यायला काका स्वतः गेले. मी खिशात होतो. मावशी टेबलाशी उभी राहून कोणाच्या तरी चादरींना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, हात पुसले आणि पत्र घेतलं. मजकूर वाचला की नाही, ते मला ठाऊक नाही. तिने कागद पालथा केला आणि सहीच्या जागी मागून बोट फिरवलं. पेन दाबून लिहिलेलं असलं की मागे बोटाला उंचवटा लागतो. तो तिच्या बोटाला लागला. ती तिथून बोट हलवीना.

"येते की हो त्यांना सही," ती म्हणाली.

ती काकांकडे पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिला ते चिकटवलेलं पाकीट आठवलं असावं. मागे जाऊन तिने काकांचे धुतलेले शर्ट आणले, घडी न मोडता त्यांच्या हातात दिले आणि दार लावून घेतलं.

आता काका निवृत्त झालेत. माझ्या जागी नवा शिक्का आहे, आणि मी टाचण्यांच्या डब्यात पडून आहे. आमच्या जातीच्या गोष्टीत शेवटी सांगायचं असतं, की जुन्या वस्तूंना जपा. मित्रांनो, मला एकाच बाईने जपलं, आणि तिचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. तेव्हा मला जपू नका. तुमच्या घरातल्या कोणाच्या जिवाचा अर्ज एखाद्या टेबलावर असेल, तर पाकीट चिकटवण्याआधी कागद हातात घ्या आणि पाठीमागच्या बाजूने बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागला, तर कोणी कितीही गोड बोललं तरी त्या बाकावरून उठू नका.