खुर्चीतला प्रश्न

गळ्याभोवती कापड गुंडाळलं की गिऱ्हाईकाला कंठ फुटतो, हे सलूनवाल्याला चांगलं ठाऊक होतं. आधी हवापाणी, मग गुडघेदुखी आणि मग हमखास, मुलं किती? मुलगा तापाने गेल्यापासून या प्रश्नाची त्याने धास्तीच घेतली होती. एकदा "एकच, मुलगी" म्हणून त्याने विषय मिटवला. बाकावर अभ्यास करणाऱ्या मुलीने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्याने दुकानाला कुलूप लावलं.

शेवटी बायकोने त्याला मूल गमावलेल्या आईबापांच्या बैठकीला ओढून नेलं. आता रडायला लावणार, अशी त्याची खात्री होती. पण बैठक घेणाऱ्या ताईंनी त्याला कामालाच लावलं. गळ्यात टॉवेल अडकवून त्या स्वतः गिऱ्हाईक झाल्या आणि मिशी कोरायची फर्माईश करून बसल्या. त्याची बायको कितीतरी दिवसांनी हसली. मग ताईंनी तो प्रश्न विचारला आणि त्याची दातखीळ बसली. पुढच्या बैठकीतही तेच. पण ताई पिच्छा सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. तालीम करून करून एकदाचं उत्तर जमलं.

दुकान उघडलं. मुलगी मुकाट्याने बाकावर येऊन बसली. गिऱ्हाईक नवीन होतं, धिप्पाड आणि बोलघेवडं. निम्मे केस कापून झाले आणि प्रश्न आलाच. बाकावरची पेन्सिल थांबली.

"दोन," तो म्हणाला. "ही मुलगी. मुलगा वारला."

तालीम इथपर्यंतच झाली होती. यापुढे लोक गप्प होतात, नाहीतर कशाने गेला ते विचारतात, असं ताई म्हणाल्या होत्या. या माणसाने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"कसा होता?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डोळे भरून आले, समोरचं डोकं दिसेना, तशी त्याने कात्री बाजूला ठेवली.

"एक नंबरचा वांड," तो म्हणाला. "केस कापायला बसला की सारखा हलायचा. एकदा तर अर्धं डोकं झालं आणि पळाला. हाती लागेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी तसाच टोपी घालून शाळेत."

गिऱ्हाईक हसलं. तोही हसला, रडत रडतच.

"टोपी माझी होती," मुलगी बाकावरून म्हणाली.