मेरेसीच्या घरची फोडणी

मोहरी तडतडली तशी मेरेसीने धावत जाऊन खिडकी लावली.

"वारा आज तुमच्या घराकडं आहे," ती हसत म्हणाली. "तुझ्या सासूचं नाक ठाऊक आहे ना?"

"हसू नकोस गं," शेजारची धनेश्वरी म्हणाली. तिने जिरं, लसूण, कढीलिंब, सुक्या मिरच्या भराभर तेलात टाकल्या, फोडणी डाळीवर ओतली आणि झाकण दाबून धरलं. मग मेरेसीला तिचा ठरलेला वाडगा काढून दिला.

पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजायची धनेश्वरीच्याच चुलीवर, फोडणी तेवढी इथे मेरेसीकडे पडायची. लंबासा शहरातल्या डॉक्टरांनी सासूचं मीठ, तेल, मिरची बंद केलं, तेव्हा धनेश्वरीनेच जाहीर केलं होतं, "अम्मा, तुमच्यासंगं आम्ही पण अळणी खाणार." मोठ्या तोंडाने बोलून बसली खरी. पण साखर कारखान्यातून दमून आलेला नवरा हरिलाल ताट सरकवून उठू लागला, दोघी मुली उपाशी झोपू लागल्या, आणि तिची स्वतःची जीभही रुसलीच. मग मेरेसीची पडवी कामी आली. अम्माजवळ बसून सगळ्यांनी चार घास अळणी गिळायचे आणि नंतर कोणी अभ्यासाला, कोणी बैल बघायला म्हणून पलीकडे सटकायचं. सुजल्या पायांची अम्मा खाटेवरून कुठे बघायला येणार होती?

मंगळवारी रामायण मंडळी घरी बसली. पोथी मिटल्यावर अम्मा बायकांना म्हणाली, "माझ्या सुनेनं माझ्यापायी फोडणी सोडलीय. लेकीनं पण केलं नसतं." बायकांनी धनेश्वरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. कुठे तोंड लपवावं ते तिला कळेना. मागे बसलेली मेरेसी तेवढी खाली मान घालून प्रसाद खात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनेश्वरी विहिरीवरून परतली, तर आपल्याच स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. भिंतीला धरधरून अम्मा चुलीपर्यंत आली होती. पायांना कापरं भरलेलं, पण हातातली पळी सरळ.

"अम्मा! तुम्हाला चालत नाही हे!"

"मी कुठं खातेय? तुझ्यासाठी केलं. पुरे झाला तुझा उपास. बस, माझ्यापुढं खा. मी नुसती बघते."

अम्माने भातावर डाळ वाढली. लसूण बरोबर लाल झालेला, मिरची न जळलेली. धनेश्वरीने घास उचलला आणि तो तोंडाशी नेववेना. तिने तो परत ताटात ठेवला.

"अम्मा, मी काही सोडलं नाही. आम्ही मेरेसीकडं जाऊन खातो. रोज."

अम्माचा डाव पातेल्यातच राहिला.

"हरी पण?"

"हो."

"आणि पोरी?"

धनेश्वरीने होकारार्थी मान हलवली.

अम्माने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी एकटीच जेवत होते."

"चुकलं माझं, अम्मा. शिव्या द्या, पण असं नका बोलू."

"शिव्या कशाला? तरणी माणसं तुम्ही. खा, गार होईल." आणि ती भिंत धरत खाटेकडे गेली.

संध्याकाळी तिने उजेड असतानाच ताट मागितलं. धनेश्वरी आपलंही ताट घेऊन शेजारी बसायला गेली, तर अम्माने हाताने थांबवलं.

"नको. हरी आला की त्याच्याबरोबर बस. फोडणीचं जेवा. आपलं घर असताना लोकांच्या पडवीत कशाला?"

आवाजात राग नव्हता. असता तर धनेश्वरीला बरं वाटलं असतं. ती दाराआड उभी राहून ऐकत राहिली. अळणी डाळभाताचे घास, मधे पाण्याचा घोट.

हरिलालची सायकल अंगणात आली, तेव्हा अम्माचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं आणि अम्मा भिंतीकडे तोंड करून निजली होती.