कुरवाचा लोंबता पाय

मी एक कॅमेरा बोलतोय. माझ्या पोटात आरसा नाही, म्हणून मला मिररलेस म्हणतात.

मनालीनं मला लग्नांसाठी घेतलं. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. अलिबागपासून चौलपर्यंतच्या कितीतरी हळदी मी पाहिल्या. मला पाहिलं की माणसं पोट आत ओढून उभी राहतात, याची मला गंमत वाटे. काम नसलं की मनाली मला खाडीवर नेई, उडते पक्षी टिपायला. तिथं आमच्यासाठी कुणीच थांबत नसे.

सुरुवातीला हाती लागायचं ते नुसतं आभाळ, नाहीतर एखादी शेपटी. मग मनाली पक्ष्यासोबत कमरेतून वळायला शिकली आणि मी त्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवायला लागलो. वळताना पंख कुठं मुडपतो, उडताना पाय कुठं जातात, सगळं आम्हाला पाहायचं होतं.

हिवाळ्यात कुरव आले, ते पांढरे-राखी समुद्रपक्षी. एका सकाळी मनालीनं माझ्यातला एक फोटो मोठा केला आणि बोंबील वाळत घालणाऱ्या आईला, वेणूबाईला, दाखवला.

"आये, उडताना सगले पाय शेपटीखाली घेतात. याचा एक का लोंबतोय?"

वेणूबाईनं पदराला हात पुसून नीट पाहिलं. "दोरा हाय गो पायाला. जाल्याचा."

तेव्हापासून आम्ही थव्यात त्यालाच शोधू लागलो. अखेर तो दिसला तो पाण्यात. तो दोरा खाडीतल्या खुंटाला अडकला होता आणि भरती चढत होती. कुरव उडायचा, ओढला जायचा, पुन्हा पाण्यात पडायचा.

मनाली मला गळ्यात अडकवून तशीच आत शिरली.

"कॅमेरा ठेव गो आधी," वेणूबाई मागं काठावरून ओरडली.

तोवर पाणी कमरेला लागलं होतं. मनालीनं ओढणी टाकून कुरवाला छातीशी धरलं. मी मध्येच सापडलो. एक लाट आम्हा तिघांवरून गेली आणि मला दिसायचं बंद झालं. वेणूबाई सुरी घेऊन आली, दोरा कापला, एवढं मी फक्त ऐकलं. मग पंखांचा फडफडाट.

त्याच आठवड्यात तळा गावी लग्न होतं. मनालीला ते काम सोडावं लागलं. त्या दिवशी ती मला कोरडं करत बसली आणि वाढलेलं ताट तसंच राहिलं.

दुरुस्त होऊन आलो, पण खाऱ्या पाण्यानं मला मंद केलं. आता बसल्या माणसाचा फोटो तेवढा जमतो. पक्ष्यांमागे मनाली दुसरा कॅमेरा नेते. त्याचा मला राग नाही. एकच गोष्ट सलते.

वेणूबाई म्हणते, "जाताना त्यानं पाय वर घेतला व्हता."

मनाली म्हणते, "न्हाय आये, लोंबतच व्हता."

ते सांगू शकलो असतो तो मी, आणि नेमकं तेव्हाच मला दिसत नव्हतं. तुम्ही कधी रेवदंड्याच्या खाडीवर आलात, तर डोक्यावरून जाणाऱ्या कुरवांचे पाय जरा बघा. आणि काय दिसलं ते मला येऊन सांगा.