दोघांनी ओळख दिली की उघडतंय

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चन्नाप्पा शेट्यांचं कुलपांचं दुकान होतं. उभा जन्म कुलपं विकून त्यांचं असं मत झालं होतं की कुलूप चोरासाठी नसतंच, कारण चोराला ते उघडता येतं. कुलूप असतं पाहुण्यांसाठी. घरात माणूस नाही हे त्यांना लांबूनच कळतं आणि चहाची आशा सुटते. त्यांच्या स्वतःच्या घराची किल्ली दाराच्या चौकटीशेजारी खिळ्याला टांगलेली असे. दुसरी किल्ली शेजारच्या झुंबरबाईंकडे. खिळ्यावरची हरवली तर असावी म्हणून.

अशा घरात बसवेशला कुलपाचा नाद लागला, तोही कॉम्प्युटरच्या. तो शाहूपुरीत एका क्लासमध्ये शिकवायचा. दोन हजार चार साली त्यानं माळ्यावर एक जुनं मशीन चढवलं आणि स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम त्यात घातला. नाव 'कोठार'. घरातल्यांनी आपापले फोटो, गाणी, कागद त्यात ठेवायचे आणि खाली सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या स्क्रीनवर, नाहीतर बाहेर कुठल्याही सायबर कॅफेत बसून उघडायचे. एवढं करून तो थांबला नाही. प्रोग्रॅमचं आतलं सगळं लिखाण त्यानं इंटरनेटवर जगासाठी मोकळं सोडलं.

"फुकट?" चन्नाप्पांनी विचारलं.

"व्हय अप्पा. जगातली माणसं त्यात सुधारणा करून परत देत्यात. तीबी फुकट."

"आणि कुलूप?"

"तेबी सगळ्यांनी मिळूनच करायचं."

"म्हंजे आतला खटका कसा हाय ते चोरालाबी दिसणार?"

"दिसला तरी उघडाय येत न्हाय, तेच खरं कुलूप की."

चन्नाप्पांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पहिल्या कोठाराला कुलूप असं नव्हतंच. मशीन फक्त विचारायचं, "कोण?" उत्तर येईल त्या नावाचा कप्पा उघडायचा. माणसं आपलं नाव लिहितील असा बसवेशचा अंदाज. त्याचं शिक्षण जास्त झाल्यामुळं एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. कोल्हापुरात दार वाजल्यावर आतून "कोण?" आलं, तर बाहेरचा माणूस नाव सांगत नाही. तो म्हणतो, "मी."

चन्नाप्पांनी लिहिलं, मी. त्यांच्या बायकोनं, महादेवीनं लिहिलं, मी. मुलगी विद्याश्रीनं लिहिलं, मी. झुंबरबाई नातवाचा फोटो ठेवायला आल्या, त्यांनीही मी. महिनाभरात अख्खं घर एकाच कप्प्यात राहायला गेलं. एकत्र कुटुंब म्हणतात ते पेठेत शेवटचं तिथं नांदलं. मग चन्नाप्पांनी दाराच्या मुठींच्या फोटोंना जागा करायची म्हणून विद्याश्रीच्या एम.कॉम.च्या नोट्स पुसल्या. "मी माझंच पुसलंय," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मशीन त्यांच्या बाजूनं होतं.

म्हणून पासवर्ड आला. घराला मिळून एक. तो महादेवी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, कारण विचारणारा सोप्यात असायचा. बसवेशनं दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम केला, तेव्हा गल्लीला दर महिन्याला नवा पासवर्ड कळू लागला. शेवटी चन्नाप्पांनीच तो खडूनं माळ्याच्या दारावर लिहून टाकला. "कुलपाशेजारी खिळा नसंल तर किल्ली हरवतीच," ते म्हणाले. धंद्यातला अनुभव होता, वाद घालता येईना.

मग प्रत्येकाचा कप्पा वेगळा आणि पासवर्ड वेगळा झाला. विसरला तर एक गुप्त प्रश्न. ही युक्ती हंगेरीतल्या लास्लो नावाच्या गृहस्थानं लिहून पाठवली. लास्लोला कोल्हापूर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं आणि चन्नाप्पांना हंगेरी, त्यामुळं दोघांचं चांगलं पटायचं. प्रश्नही लास्लोनंच सुचवले होते. आईचं माहेरचं आडनाव काय? पहिली शाळा कुठली? लहानपणी पाळलेल्या प्राण्याचं नाव काय?

लास्लोच्या गावात ही माहिती गुप्त असेल. मंगळवार पेठेत ती झुंबरबाईंना होती. महादेवीचं माहेरचं आडनाव त्यांना ठाऊक होतंच, शिवाय त्या माहेरानं हुंड्यात कबूल केलेलं घड्याळ दिलं नाही हेही ठाऊक होतं. बसवेशनं लहानपणी पाळलेलं कुत्रं झुंबरबाईंना स्वतःला चावलं होतं. दुपारचं जेवण झालं की त्या सोप्यात येऊन बसायच्या आणि एकेकाचा कप्पा उघडायच्या. घ्यायचं काही नसायचं. जिंकल्याचा आनंद.

बसवेशनं लास्लोला कळवलं, की कुलपात दोष आहे, शेजारीण सगळी उत्तरं बरोबर देते. लास्लोनं विचारलं, अशा शेजारणी किती आहेत? बसवेशनं लिहिलं, गल्ली लांब आहे.

शेवटी उपाय त्याला बँकेत सापडला. नवं खातं काढायचं तर जुना खातेदार ओळख देतो, मग मॅनेजर सही करतो. बसवेशनं तेच कोठारात घातलं. पासवर्ड विसरला, तर घरातल्या दोन माणसांनी आपापल्या पासवर्डनं आत जाऊन सांगायचं, की व्हय, आम्ही ह्या माणसाला ओळखतो. दोघांनी ओळख दिली की कप्पा उघडणार. एकटी झुंबरबाई काही करू शकणार नाही. लास्लो इतका खूश झाला की तो म्हणाला, हे तुमच्या संस्कृतीतलंच कुणाला तरी सुचू शकतं. ते खरं होतं. त्यातला दोषही तिथलाच होता.

आता विद्याश्रीच्या कप्प्याविषयी सांगायला हवं.

तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मध्यस्थ बाई मुलांचे फोटो ई-मेलनं धाडायच्या आणि विद्याश्री ते आपल्या कप्प्यात ठेवायची. फोटो ठेवताना मशीन त्याला नाव विचारतं. मुलाचं खरं नाव घालणं तिला कंटाळवाणं वाटे. एकाचं तोंड चौकोनी होतं, त्याचं नाव 'डबा'. एकाचं डोकं कपाळापासून मानेपर्यंत मोकळं होतं, ते 'विमानतळ'. पुढं एक गंमत झाली. एका मुलाच्या अंगावर तपकिरी चौकड्यांचा कोट होता, आणि पुढच्या स्थळाच्या अंगावरही तोच. तिनं नावं ठेवली 'कोट एक' आणि 'कोट दोन'. तिसऱ्या खेपेला मुरगूडच्या मुलाचा फोटो आला. अंगावर पुन्हा तोच कोट, खांदे कोपराकडं निघालेले. त्याचं नाव तिनं ठेवलं, 'उसना कोट', आणि आईला सांगितलं, नको.

महादेवीनं ऐकलं नाही. मुरगूडची माणसं येऊन बघून गेली. मुलगा प्रभुलिंग गुरांचा डॉक्टर होता. पोह्यांची पहिली बशी संपवून तो सरळ म्हणाला, "मीठ जास्त झालंय." विद्याश्री ते वाक्य घरात लहानपणापासून म्हणत आली होती आणि तिला कुणी दाद दिली नव्हती. ती आत गेली आणि आईला म्हणाली, "ह्यो चालतोय."

तर आता पक्की बोलणी करायला रविवारी मुरगूडकर आले. प्रभुलिंग, त्याचे वडील शिवगोंडा आणि आई बाळाबाई. बाळाबाईंचा आवाज मोठा होता आणि नजर बारीक. पान-सुपारी आता निघणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "पोरीच्या रांगोळ्या कॉम्प्युटरवर हायत म्हनं? दारात त्या शेजारच्या बाई सांगत होत्या."

विद्याश्रीच्या हातातलं ताट तिरपं झालं. रांगोळ्या आणि स्थळं एकाच कप्प्यात होती.

"हायत की!" चन्नाप्पा म्हणाले. "विद्या, दाव पावण्यांस्नी."

"अप्पा, पासवर्ड इसरलो मी."

ती खोटं बोलली. खोटं चांगलं होतं, पण कुलूप आता जुनं राहिलं नव्हतं.

"इसरलास तर काय झालं?" चन्नाप्पा खुर्ची ओढून बसले. "पावणं, हे आमच्या बसवेशनं केलंय बरं का. दोघांनी ओळख दिली की उघडतंय." त्यांनी एका बोटानं आपला पासवर्ड घातला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. तो आता मुरगुडालाही कळला. स्क्रीनवर प्रश्न आला, विद्याश्रीला ओळखता का? त्यांनी होय दाबलं.

"अव्वा, नको," विद्याश्री आईच्या कानात म्हणाली. "तू दाबू नको. पाया पडतो."

"खुळी हायस काय? पावण्यांसमोर पोटच्या पोरीला ओळखत न्हाय म्हणू?"

विद्याश्रीनं भावाकडं बघितलं. तो बटणापाशीच उभा होता, वायर उपटली असती तर काम झालं असतं. पण त्याचं कुलूप पहिल्यांदाच परक्या माणसांसमोर चालत होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भारनियमनाची वेळ होती. रोज या वेळेला लाईट जायची. आज वीज मंडळानंही शब्द पाळला नाही.

महादेवीनं होय दाबलं. कप्पा उघडला.

आधी रांगोळ्या आल्या, मोर, कमळ, पुन्हा मोर. बाळाबाईंनी चष्मा चढवला. मोराखाली पहिला मुलगा आला.

"डबा," त्यांनी वाचलं. "ह्यो कोन?"

"आलेली स्थळं," महादेवी अर्ध्या आवाजात म्हणाली आणि कुणी न मागितलेला चहा करायला आत गेली.

"आणि ह्यो विमान... आत्ता गं बया! ह्यो तर संकेश्वरच्या जाऊबाईंचा थोरला!" बाळाबाई नाक स्क्रीनला टेकवून बघू लागल्या. "नाव मात्र बरोबर दिलंय. आवो, बघा की!"

शिवगोंडांनी टॉवेल तोंडाला लावला होता. ते हसत होते की खोकत होते, हे कळत नव्हतं.

'कोट एक' आणि 'कोट दोन' वरून बाळाबाईंची नजर खाली सरकली. खाली अजून एक फोटो होता, अर्धाच दिसत होता. विद्याश्री पुढं झाली आणि माऊसवर हात ठेवून उभी राहिली.

"खालचा ह्यांचा हाय," ती म्हणाली. "नाव मीच दिलंय, बघाय आलतासा त्याच्या आधी. चांगलं न्हाय. आता तुम्ही काय ते ठरवा."

चन्नाप्पांनी पान-सुपारीचं तबक मांडीवरून हळूच खाली ठेवलं. स्थळ गेलं असं त्यांनी मनात धरलं होतं.

"बघू की," प्रभुलिंग म्हणाला.

तिनं फोटो वर घेतला. त्यानं वाचलं. बाळाबाईंनी वाचलं, आणि मग मोठ्यानं वाचलं.

"उसना कोट? उसना? अगं पोरी, कोट आमचा हाय! गडहिंग्लजला कापड घेतलंय, शिंप्यापाशी मी सोता बसून शिवून घेतलाय. थांब!" त्या स्क्रीनवर परत वरच्या फोटोंकडं गेल्या. "कोट एक... ह्यो रेवण! चंदगडच्या वन्संचा! पोरगी बघाय जातो म्हणून कोट नेला, पाऊस संपूस्तोर परत दिला न्हाय. आणि ह्यो दुसरा कोन?"

"रेवणचा दोस्त," शिवगोंडा टॉवेलातून म्हणाले.

"म्हंजे त्यानं पुढं भाड्यानं लावला व्हय! तुमची भन आणि तुमचा भाचा!"

"कोट माझाच हाय," प्रभुलिंग विद्याश्रीला म्हणाला. "आत घातलेली माणसं उसनी."

"मग खांदं ढगळ कशानं?" विद्याश्रीला चूक लगेच कबूल करायची सवय नव्हती.

"रेवण बघितलास न्हवं? चार महिनं त्यानं घातला. म्हशीला घातला असता तर कमी सैल झाला असता. डॉक्टर म्हणून सांगतो."

यावर विद्याश्री हसली, आणि ते बाळाबाईंनी बघितलं. त्यांचं चंदगडशी भांडण अजून आटपायचं होतं, तरी त्या थांबल्या.

"म्हंजे तू एका कोटाला तीनदा न्हाय म्हणालीस."

"व्हय."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा हे नुसत्या शर्टावर आलते."

बाळाबाईंनी मुलाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग खाली ठेवलेल्या तबकाकडं. "ते तबक खाली कशापायी ठेवलंय?" त्यांनी चन्नाप्पांना विचारलं. "उचला की. कवाधरनं थांबलोय आम्ही."

सुपारी फुटली. महादेवी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं पक्कं झालं होतं, आणि तिला ते चहा सांडेपर्यंत खरं वाटलं नाही.

निघताना बाळाबाई चप्पल शोधायच्या निमित्तानं मागं राहिल्या. पुरुष माणसं रस्त्यावर गेली आहेत हे बघून त्यांनी विद्याश्रीला चौकटीपाशी ओढलं.

"मलाबी तसला एक कप्पा काढून दे. काय म्हंतीस ते, खातं."

"देतो की, अत्ती. पण दोन माणसं ओळख द्यायला लागत्यात."

"लागू देत. पण त्यात आमच्या घरचं एकबी माणूस नको. न्हायतर त्या कुलपाचा उपेग काय?"

विद्याश्रीनं जरा विचार केला. "मी चालतो काय?"

"लग्नापतोर चालतीस," बाळाबाई म्हणाल्या. "पुढं दुसरं कोन तरी बघाय लागंल."